चक्कर येते म्हणजे नक्की काय होते?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या भगिनी-सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी दुखण्याखुपण्याविषयी बोलावे की नाही, असे मी आपल्या चिटणीसबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, समारंभाला सगळ्याजणी वेळेवर येतात, दवाखान्यात मात्र कुणीच वेळेवर येत नाही. तेव्हा सांगायचे ते समारंभातच सांगा." हे उत्तर मला पटले, आणि म्हणून आज मी आपणा सर्वांच्या चांगल्या ओळखीचा एक विषय निवडला आहे. तो म्हणजे चक्कर.

येथे बसलेल्यांपैकी जिला आयुष्यात कधीच चक्कर आली नाही अशी भगिनी क्वचितच सापडेल. दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या तोंडी तर हा शब्द हटकून असतो. "चक्कर येते" एवढे सांगून बाई गप्प बसते आणि पुढचे सारे डॉक्टरने ओळखावे अशी तिची अपेक्षा असते. पुष्कळदा कारणही तिने घरूनच ठरवून आणलेले असते. पित्त झाले असेल, उपास घडला, जागरण झाले, अशक्तपणा आला, आणि यांपैकी काहीच लागू पडले नाही, तर वय झाले! मग आल्याचा रस, लिंबाचे सरबत, कोकम, शेजारणीकडची गोळी असे सगळे करून झाले की शेवटी दवाखाना. यातले सरबत वाईट आहे असे मी म्हणत नाही. मला सांगायचे आहे ते वेगळेच. चक्कर हे रोगाचे नाव नव्हे. ताप जसा मलेरियाचाही असतो आणि साध्या पडशाचाही असतो, तशी चक्करही अनेक घरची पाहुणी आहे. ती कोणत्या घरून आली हे विचारल्यावाचून तिची बोळवण कशी करायची, ते ठरवता येत नाही.

गंमत अशी, की आपली मराठी भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे. आपल्या आज्या नुसते 'चक्कर' म्हणून थांबत नसत. घर गरगर फिरू लागले तर त्या 'गरगरते' म्हणत. उठताना डोळ्यांपुढे काळोख आला तर 'अंधारी आली' म्हणत. चालताना पाय भलतीकडे पडू लागले तर 'झोक जातो' म्हणत, आणि शुद्ध हरपली तर 'भोवळ येऊन पडली' म्हणत. हे चार शब्द म्हणजे चार निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि डॉक्टरच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहेत. गरगरणे बहुधा कानाकडे बोट दाखवते, कधी मेंदूकडे. अंधारी रक्तदाबाकडे, रक्ताकडे आणि हृदयाकडे बोट दाखवते. झोक जाणे हे नसांचे, सांध्यांचे किंवा लहान मेंदूचे गाऱ्हाणे असू शकते. आपण मात्र हे सगळे एका 'चक्कर' शब्दाच्या डब्यात कोंबून टाकले आहे.

आता आपला तोल सांभाळला जातो कसा, ते थोडक्यात पाहू. मेंदूला आपल्या शरीराची खबर देणारे तीन कारकून आहेत असे समजा. पहिला म्हणजे डोळे. दुसरा म्हणजे तळपाय आणि सांधे, जे पायाखाली जमीन कशी आहे ते कळवतात. तिसरा कानाच्या अगदी आतल्या भागात, हाडाच्या पोकळीत बसलेला असतो. तेथे तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत पाणी असते. डोके हलले की ते पाणी हलते आणि डोके कोणत्या दिशेला वळले ते मेंदूला समजते. तिघांच्या वह्या जुळल्या म्हणजे आपण सुखाने चालतो. एकाने जरी भलताच आकडा लिहिला तरी हिशेब बिघडतो, आणि बसल्या जागी घर फिरू लागते. या तीन कारकुनांचे काम चालण्यासाठी मेंदूला सतत रक्त, त्या रक्तात प्राणवायू आणि साखर यांचा पुरवठा हवा. तो कमी पडला, की अंधारी येते.

कान आणि चक्कर यांचा संबंध काय, असे आपल्याला वाटेल. व्हिएन्ना शहरात रॉबर्ट बारानी नावाचे कानाचे डॉक्टर होते. रोग्यांच्या कानात पिचकारीने पाणी मारताना त्यांना असे आढळले, की पाणी थंड असले तर रोग्याला गरगरते, फार गरम असले तरी गरगरते, परंतु त्या वेळी डोळ्यांची फडफड उलट दिशेने होते. पाणी अंगाच्या उष्णतेइतके असले, तर काहीच होत नाही. या साध्या निरीक्षणातून त्यांनी आतल्या कानाचे काम उलगडून दाखवले, आणि त्यासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गरगरण्याचे सर्वांत जास्त आढळणारे कारण या आतल्या कानातच आहे. तेथे चुन्याचे अगदी बारीक कण एका जागी चिकटून बसलेले असतात. वयाने, डोक्याला मार लागल्याने, किंवा कधी कधी काहीच निमित्त नसताना, ते कण सुटतात आणि त्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. मग बिछान्यात कूस बदलली, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली, किंवा केस धुवायला डोके खाली घातले, की घर एकदम भिंगरीसारखे फिरते. बाई घाबरून पलंगाची कड धरते. अर्ध्या-एक मिनिटात ते थांबते, पण पुन्हा त्याच कुशीवर वळले की पुन्हा सुरू होते. हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, आणि पन्नाशीच्या पुढे विशेष दिसतो. तो भयंकर वाटतो, परंतु जिवाला धोका करणारा नसतो.

तो ओळखण्याची पद्धत १९५२ साली लंडनमध्ये मार्गारेट डिक्स या डॉक्टरीणबाईंनी आणि हॉलपाइक यांनी मिळून प्रसिद्ध केली. रोग्याला टेबलावर बसवून, मान एका बाजूला वळवून, चटकन उताणे निजवायचे आणि डोळ्यांकडे पाहायचे, एवढीच ती परीक्षा. तिला ना यंत्र लागते, ना रक्त काढावे लागते. उपाय तर याहून नवलाचा आहे. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते कण पुन्हा आपल्या जागी नेण्याची रीत बसवली. प्रथम लोकांनी त्यांची थट्टाच केली. पण १९९२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि आज जगभर हीच रीत वापरतात. पुष्कळांना एक-दोन बैठकांतच गुण येतो. मात्र कण कोणत्या कानात आहेत हे आधी ठरवावे लागते, म्हणून पहिल्या वेळी हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच करावे. मोबाइलवर पाहून घरच्या घरी मान हिसकण्याच्या भरीस पडू नये. मानेचे दुखणे असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

हे मी इतक्या विस्ताराने सांगते याला कारण आहे. माझ्याकडे आलेल्या एक वृद्ध बाई दोन वर्षे गळ्यात पट्टा बांधून वावरत होत्या. मानेचा फोटो काढला, त्यात मणक्यांची झीज दिसली, आणि सगळ्या चकरीचा दोष त्या मणक्यांवर गेला. वास्तविक पन्नाशीनंतर मानेचा फोटो काढला तर पुष्कळांच्या मणक्यांची झीज दिसतेच. ते केस पिकण्यासारखे आहे. निव्वळ मानेच्या झिजेने घर गरगर फिरणे ही फार क्वचित घडणारी गोष्ट. बाईंनी उशी काढून टाकली होती, कुशीवर निजणे सोडले होते, नातवाला उचलून घेणे सोडले होते. "डाव्या कुशीवर वळले की गरगरते, आणि मिनिटात थांबते," हे एक वाक्य त्यांना दोन वर्षांत कुणी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते. त्या एका वाक्याने रोग कळला, आणि दोन बैठकांत बाई मोकळ्या झाल्या.

चकरीच्या गोळ्यांविषयीही येथेच सांगून टाकते. जोराच्या उलट्या आणि गरगरणे असताना दोन-तीन दिवस त्या गोळ्या उपयोगी पडतात. परंतु कित्येक घरांत त्या महिनोन् महिने, मिठासारख्या रोज घेतल्या जातात. त्यांतल्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने हात कापणे, अंग ताठणे, चाल मंदावणे असे त्रास जडतात, आणि मेंदूला स्वतःचा हिशेब पुन्हा जुळवण्याची जी सवय व्हायला हवी, तीही लांबते. तेव्हा जुन्या चिठ्ठीवर नवी पाकिटे आणू नका.

कानाचे आणखी काही प्रकार आहेत. सर्दी-तापानंतर कानाच्या नसेला सूज येऊन एक-दोन दिवस, कधी अधिकही, सारखे गरगरते, उलट्या होतात आणि उठवत नाही. दुसऱ्या एका प्रकारात झटका वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकतो, कानात गुणगुण होते, कान भरल्यासारखा वाटतो आणि ऐकू कमी येते. प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली हे दुखणे कानाचे आहे असे दाखवून दिले, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. अर्धशिशी असणाऱ्या बायकांनाही गरगरण्याचे झटके येतात, आणि गंमत म्हणजे त्या वेळी डोके दुखेलच असे नाही. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. यावर औषध आहे, पण ते लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडते.

आता अंधारीकडे वळू. आपण निजलेल्या किंवा बसलेल्या असताना एकदम उठलो की रक्त पायांकडे ओघळते. निरोगी माणसात रक्तवाहिन्या लगेच आवळून ते सावरतात. वय झाले, पाणी कमी प्याले, जुलाब झाले, किंवा रक्तदाबाची गोळी थोडी जास्त झाली, की हे सावरणे उशिरा होते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर हाच दोष आहे असे डॉक्टर मानतात. म्हणून रक्तदाब बसून मोजला तसा उभे राहूनही मोजून घ्या. डॉक्टर विसरले, तर तुम्ही आठवण करा. रात्री उठताना आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसावे आणि मग उभे राहावे. उतारवयात रात्रीच्या अंधारात पडून खुब्याचे हाड मोडणे ही चकरीपेक्षा पुष्कळ मोठी आपत्ती असते. मात्र चक्कर येते म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि रक्तदाब 'वाढला असेल' म्हणून यजमानांच्या डबीतली गोळीही घेऊ नका. दोन्ही तऱ्हांनी बायका पडलेल्या आहेत.

उन्हात दर्शनाच्या रांगेत उभे राहून, लग्नाच्या गर्दीत, रक्त पाहून किंवा सुई टोचताना तरुण मुलींना भोवळ येते, तीही याच घरची. आधी घाम फुटतो, मळमळते, कानात शीळ वाजल्यासारखे होते. ही सूचना मिळताच लाजेकाजेस्तव उभे न राहता तेथेच खाली बसावे किंवा आडवे व्हावे. चारचौघांत जमिनीवर बसण्यात कमीपणा नाही. पडून डोके फुटण्यात फायदा नाही.

रक्त कमी असणे हे तर आपल्या बायकांचे घरचेच दुखणे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींच्या अंगी रक्त कमी आढळले. म्हणजे या सभागृहातील एक सोडून एक खुर्ची धरा! साधारणपणे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले, आणि गर्भारपणी ११ च्या खाली गेले, तर रक्त कमी समजतात. दम लागणे, छातीत धडधडणे, जिना चढताना अंधारी येणे ही त्याची लक्षणे. पण हे रक्त हळूहळू कमी होते, आणि बाईला तशाच कामाची सवय होऊन जाते. एका बेचाळीस वर्षांच्या बाईंचे हिमोग्लोबिन सहा निघाले, तेव्हा "मी तर सगळे काम करते" असे त्या आश्चर्याने म्हणाल्या. विचारता विचारता कळले, की चार वर्षे पाळी दहा-दहा दिवस चालत होती आणि गाठी पडत होत्या. त्यांनी हे कुणाला सांगितले नव्हते, कारण चाळिशीत असे चालायचेच असे थोरल्या जावेने सांगितले होते. भगिनींनो, असे चालायचेच नसते. सात दिवसांपलीकडे जाणारी, गाठी पडणारी, तासा-दोन तासाला कपडा बदलायला लावणारी पाळी दाखवली पाहिजे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर घ्याव्या. त्या गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्याचे भय नको. परंतु गोळ्या चालू नसताना डांबरासारखे काळे, चिकट आणि दुर्गंधी शौचाला होऊन अंधारी येत असेल, तर पोटात रक्तस्राव होत आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गुडघेदुखीसाठी रोज दुखण्याची गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

उपासांविषयी बोलले नाही, तर हे भाषण अपुरे राहील. हरितालिका असो, नवरात्र असो, एकादशी असो, मी कुणाच्या श्रद्धेत हात घालत नाही. परंतु मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निर्जळी उपास करणे म्हणजे चुलीत लाकडे न घालता फुंकर मारीत राहणे आहे. साखर ७० च्या खाली आली की हात थरथरतात, घाम सुटतो, भूक लागते, चक्कर येते, आणि तशीच राहू दिली तर बाई बडबडू लागते किंवा बेशुद्ध होते. शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात कालवून लगेच द्यावी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाण्याचा थेंबही घालू नये. उपासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची, घ्यायची की नाही, हे उपासाच्या आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

आणखी एक कारण आजच्या घरांतले आहे, आणि ते ऐकून पुष्कळजणी दचकतील. न्हाणीघरात बसवलेला गॅसचा गिझर. दारे-खिडक्या बंद करून तो चालू ठेवला, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो डोळ्यांनाही झोंबत नाही. आंघोळ करता करता डोके जड होते, चक्कर येते आणि माणूस तेथेच कोसळते. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणे तितकेच घातक. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. आणि न्हाणीघरात कुणी पडल्याचे कळले, तर आधी दार-खिडकी उघडून तिला बाहेर मोकळ्या हवेत आणावे, मग बाकीचे.

मनाचाही चकरीशी संबंध आहे. काळजी, धास्ती, झोपेचा अभाव यांनी श्वास जलद होतो, ओठ-बोटे मुंग्या आल्यासारखी होतात आणि तरंगल्यासारखे वाटते. "तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हणून अशा बाईला घरात झिडकारले जाते. तिला होणारा त्रास खरा असतो, आणि त्यावरही उपचार आहेत. पण आधी बाकीची कारणे तपासल्यावाचून सर्व खापर मनावर फोडू नये, कारण बायकांच्या बाबतीत ते फार सहज फोडले जाते.

आता माझ्या भाषणाचा गाभा सांगते. बहुतेक चकरी साध्या असतात, पण काही वेळा एक तासही वाट पाहू नये. चकरीबरोबर तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोबडे बोलणे आले, एकाचे दोन दिसू लागले, गिळता येईना, पूर्वी कधी नव्हते असे डोके एकाएकी फुटू लागले, किंवा धरल्यावाचून बसता-उभे राहता येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. लहान मेंदूच्या झटक्यात हातपाय धड असूनही नुसते गरगरणे आणि तोल जाणे एवढेच असू शकते, म्हणून हे शेवटचे लक्षण विसरू नका. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आपल्या घरांत हे साडेचार तास कसे जातात, ते मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. बाई म्हणते, जरा पडते म्हणजे बरे वाटेल. घरचे म्हणतात, झोपू द्या. संध्याकाळी मुलगा कामावरून आल्यावर बघू. मुलगा येतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते, आणि पुढची दहा वर्षे ती बाई दुसऱ्याच्या हाताने जेवते. म्हणून अशा वेळी पहिले काम म्हणजे घड्याळ पाहणे. ती शेवटची धड होती ती वेळ कागदावर लिहा, १०८ ला दूरध्वनी करा, आणि मेंदूचा स्कॅन होईल अशाच रुग्णालयात न्या.

तसेच, चकरीबरोबर छातीत, जबड्यात किंवा पाठीत दुखत असेल, दम लागत असेल, गार घाम आला असेल, किंवा काम करता करता, जिना चढता चढता एकाएकी शुद्ध हरपली असेल, तर हृदयाची तपासणी त्याच वेळी झाली पाहिजे. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा 'पित्त' होऊन येतो, हे ध्यानात असू द्या. पाळी चुकली असून ओटीपोटात कळा येत असतील आणि भोवळ येत असेल, तर गर्भ नळीत राहून नळी फुटल्याची शक्यता असते. रक्त बाहेर दिसले नाही तरी आत वाहत असते. त्या मुलीचे लग्न झाले आहे की नाही, ही चौकशी त्या वेळी करीत बसू नका. गर्भारपणाचे पाच महिने झाल्यावर डोके दुखून चक्कर येते, डोळ्यांपुढे चमकते, पायांबरोबर तोंडही सुजते, तर रक्तदाब त्याच दिवशी पाहिला पाहिजे. डोक्याला मार लागल्यावर येणारी चक्कर, आणि उन्हाच्या दिवसांत अंग भट्टीसारखे तापून भ्रम होणे, हीदेखील याच यादीत धरा.

याखेरीज चक्कर वारंवार येत असेल, आठवड्यापेक्षा जास्त टिकली असेल, नवीन औषध सुरू केल्यापासून येत असेल, चालताना पडायला होत असेल, किंवा ऐकू कमी येऊ लागले असेल, तर दोन-चार दिवसांत दवाखान्यात जा. धावपळ नको, पण टाळाटाळही नको.

कुणी भोवळ येऊन पडले तर काय करावे? तिला जमिनीवर उताणे निजवा, पाय उशीवर किंवा पाटावर उंच ठेवा, लुगड्याची किंवा साडीची गाठ, पोलक्याची गुंडी सैल करा, आणि गर्दी हटवा. तोंडावर तांब्याभर पाणी ओतणे, तोंडात चहा घालणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे, लगेच ओढून उभे करणे, यांपैकी काही करू नका. साध्या भोवळीत माणूस मिनिटभरात शुद्धीवर येते. तसे न झाल्यास १०८ ला बोलवा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवा.

आणि दवाखान्यात गेल्यावर? पाच गोष्टी कागदावर लिहून न्या. एक, कसे वाटले: गरगरले, अंधारी आली की झोक गेला. दोन, किती वेळ टिकले: क्षणभर, मिनिटभर, तासभर की दिवसभर. तीन, कशाने आले: कूस बदलताना, उठताना, उपाशीपोटी, की काहीच नसताना. चार, बरोबर काय झाले: उलटी, कानात गुणगुण, धडधड, डोकेदुखी. पाच, कोणकोणती औषधे चालू आहेत. शेवटच्यासाठी सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णे एका पिशवीत घालून सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. नेमके शब्द सुचले नाहीत, तरी दुसरी आणि तिसरी गोष्ट चुकवू नका. किती वेळ आणि कशाने, यांवरूनच डॉक्टरांना सर्वांत जास्त कळते. झटका चालू असताना घरच्या कुणी मोबाइलवर तुमच्या डोळ्यांचे चित्रण केले, तर तेही दाखवा. त्या डोळ्यांच्या फडफडीतून पुष्कळ उलगडा होतो.

आपण बायका घरातल्या प्रत्येकाच्या तापाचा आकडा लक्षात ठेवतो. मुलाला कोणती गोळी सोसत नाही, सासऱ्यांची साखर गेल्या महिन्यात किती होती, हे आपल्याला तोंडपाठ असते. स्वतःचा रक्तदाब किती आणि स्वतःचे हिमोग्लोबिन किती, असे विचारले की मात्र आपण हसून वेळ मारून नेतो. दुखणे अंगावर काढणे याला आपल्याकडे सोसणे म्हणतात आणि त्याचे कौतुकही होते. हे कौतुक मला पटत नाही. जी बाई पडते तिच्याबरोबर सारे घर पडते.

मंडळाला माझी एक सूचना आहे. हळदीकुंकवाच्या वाणाला आपण दरवर्षी डबे-वाट्या लुटतो. यंदा मंडळाच्या पैशांतून रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र घ्यावे आणि महिन्याच्या सभेला ते टेबलावर ठेवावे. बसून एकदा, उभे राहून एकदा. वर्षातून एक दिवस सर्व सभासदांचे हिमोग्लोबिन तपासावे. आणि एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्या भगिनींच्या दारावर सकाळी एक टकटक करण्याचे काम शेजारणींनी वाटून घ्यावे. याला फार पैसा लागत नाही, फक्त सवय लागते.

 पुढल्या वर्षीच्या वर्धापनदिनी मी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारणार आहे: तुमचे हिमोग्लोबिन किती? उत्तर तयार ठेवा, एवढे सांगून माझे बोलणे संपवते.